यीस्ट टू-हायब्रिडमध्ये पूल (मिश्रणं) कसे बनवायचे: तालुक्याच्या प्रयोगशाळेसाठी टप्प्याटप्प्याने

यीस्ट टू-हायब्रिड म्हणजे दोन प्रथिनं एकमेकांना धरतात का, हे यीस्टच्या पेशीत पाहायची पद्धत. पूलिंग म्हणजे अनेक क्लोन (एकेका प्रथिनाचं जनुक घातलेलं यीस्ट) एकत्र मिसळून एका ठिपक्यात तपासणं; अशा मिश्रणाला पूल म्हणतात. विद्यार्थी त्याबद्दल विचारतात ते बहुतेक वेळा उशिरा. प्लेटवर ठिपके उगवलेले असतात आणि प्रश्न असतो, "सर, आता यातला नेमका कोणता क्लोन?" याचं उत्तर पूल मिसळायच्या आधी, कागदावर ठरलेलं असावं लागतं. नंतर ते फक्त सिक्वेन्सिंगने (क्लोनच्या डीएनएचा क्रम वाचून) मिळतं. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या महाविद्यालयात सिक्वेन्सिंग म्हणजे नमुना कुरिअरने नागपूर-पुण्याला पाठवायचा आणि वाट पाहायची. म्हणून आपल्याकडे पूलिंगचा खरा फायदा प्लेटा कमी लागण्यात नाही. कोणत्या पूलमध्ये वाढ झाली यावरूनच क्लोन ओळखता येतो, हा तो फायदा.

उदाहरण एकच धरू. तुरीवर मर रोग आणणाऱ्या फ्युजॅरियम उडम बुरशीचं एक प्रथिन आपलं बेट (आमिष, ज्याचे जोडीदार शोधायचे ते) आहे. तुरीच्या मुळातल्या ९६ प्रथिनांचे क्लोन आपले प्रे (सावज, संभाव्य जोडीदार) आहेत. बेटाला डीएनएला चिकटणारा भाग जोडलेला, प्रेला जनुक चालू करणारा भाग जोडलेला. दोन्ही प्रथिनं एकमेकांना धरली तर एचआयएस३ हे जनुक चालू होतं आणि यीस्ट हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावर वाढतं. बेट वाय२एचगोल्ड या यीस्टच्या वाणात (ए मेटिंग प्रकार), पीजीबीकेटी७ या वेक्टरवर (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यावर). प्रे वाय१८७ या वाणात (अल्फा प्रकार), पीजीएडीटी७ वर. या दोन प्रकारांच्या पेशी एकत्र येऊन जुळतात, तेच मेटिंग. दुसरी जोडगोळी असेल तरी खालचा क्रम तोच.

टप्पा १. परवानगी, हंगाम आणि वीज

हे जनुकीय बदल केलेलं यीस्ट आहे. १९८९ च्या नियमांनुसार महाविद्यालयाच्या संस्थात्मक जैवसुरक्षा समितीकडे काम नोंदवा. समिती नसेल तर विद्यापीठाच्या विभागासोबत करा. ही कागदपत्रं शेवटी जुळवू म्हणणाऱ्यांचं काम शेवटीच अडकतं.

दुसरी गोष्ट तापमान, आणि इथे सगळ्यात जास्त प्रयोग वाया जातात. यीस्टला ३० °से हवं. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे बाहेर ४५ आणि खोलीत ३८-४० असताना त्याच्या डायलवर ३० लावून काही होत नाही, आतही खोलीइतकंच तापमान राहतं. त्या तापमानाला यीस्टची वाढ मंदावते, मेटिंग त्याहून बिघडतं. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर लागतो. तो नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम धरा. तेव्हा रात्री गारठा असतो आणि साधा इन्क्युबेटर उत्तम चालतो.

लाईट जाणार हे गृहीत धरूनच मांडणी करा. इन्क्युबेटरच्या तळाशी पाण्याच्या भरलेल्या चार-पाच बाटल्या ठेवल्या तर तासाभराच्या भारनियमनात आतलं तापमान फारसं हलत नाही.

*सावध:* प्लेटा उघडताना कूलर आणि पंखा दोन्ही बंद. कूलरच्या ओल्या गवतातून बुरशीचे बीजाणू थेट टेबलावर येतात. जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू असतात, त्यामुळे टेबल स्पिरिटने दोनदा पुसा. माध्यमाला बोअरवेलचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटरच.

टप्पा २. बेट आपोआप सुटतं का, ते आधी पाहा

ही पायरी गाळली जाते, आणि ती गाळली तर पुढचं सगळं फुकट. काही बेट प्रथिनं कोणीही जोडीदार नसताना स्वतःच जनुक चालू करतात. असं बेट वापरलं तर सगळेच्या सगळे पूल उगवतील.

बेटाचं मेटिंग रिकाम्या प्रे-वेक्टरच्या वाय१८७ सोबत करा. आलेले डिप्लॉइड (मेटिंगने जुळून झालेल्या पेशी) ट्रिप्टोफॅन, ल्युसिन आणि हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावर लावा. त्यात ३-एटी वाढत्या मात्रेत घाला: ०, १, २.५, ५, १०, २५ मिलिमोलर. ३-एटी हे एचआयएस३ च्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे थोडीशी आपोआप होणारी गळती दाबली जाते. ज्या सर्वात कमी मात्रेवर पाच दिवस काहीही उगवत नाही, ती त्या बेटाची मात्रा. "सुरक्षित राहू" म्हणून त्याहून वर जाऊ नका. कमकुवत पण खऱ्या जोड्या आधी त्यानेच मरतात. २५ वरही उगवत असेल तर ते बेट पूलमध्ये चालणार नाही. प्रथिनाचा तुकडा कापून नवा क्लोन करा.

३-एटी गाळून निर्जंतुक करा आणि माध्यम ५५ °से पर्यंत उतरल्यावरच घाला. ग्लोव्हज घाला. हेच रसायन अमिट्रोल नावाने तणनाशक म्हणून वापरलं गेलेलं आहे, हाताला लावून घ्यायची गोष्ट नाही.

*तपासणी:* प्रे सुद्धा एकदा रिकाम्या बेट-वेक्टरसोबत लावून पाहा. ९६ ठिपके, पण आयुष्यात एकदाच. एक खराब प्रे पुढे पाच पूल बिघडवतो, आणि तेही प्रत्येक बेटाच्या वेळी.

टप्पा ३. पूल कशाचे करायचे

प्रेचे करा, बेटांचे नाही. बेट आपोआप सुटण्याची शक्यता प्रेपेक्षा बरीच जास्त असते. बेटांचा पूल केला आणि त्यात एक जरी तसं निघालं, तर तो पूल प्रत्येक प्रेसोबत उगवतो.

दोन्ही बाजूंनी पूल करायचा मोह टाळा. यीस्टच्या सगळ्या प्रथिनांवर तसं काम झालेलं आहे. २००१ मध्ये जपानच्या गटाने ६२ बेट-पूल आणि ६२ प्रे-पूल घेऊन ३,८४४ मेटिंग केली. पण तिथे उगवलेल्या प्रत्येक वसाहतीचा क्लोन सिक्वेन्सिंगने ओळखायचा होता. आपली अडचण नेमकी तीच आहे.

राहिली पद्धत. सगळ्यात सोपी म्हणजे ओळ-रकाना. ९६ खान्यांच्या प्लेटची प्रत्येक ओळ एक पूल, प्रत्येक रकाना एक पूल. ८ आणि १२ मिळून २० पूल. एकच प्रे खरा असेल तर एक ओळ, एक रकाना उगवतो आणि छेदावर तो सापडतो. दोन खरे असले की गोंधळ सुरू. बी४ आणि एफ९ खरे असतील तर बी, एफ या ओळी आणि ४, ९ हे रकाने उगवतात. आता बी४, बी९, एफ४, एफ९ असे चार उमेदवार, त्यात दोन भुतं. आणि एक ठिपका उगवायचा राहून गेला तर खरा क्लोन कायमचा हुकला. यीस्टमध्ये ठिपके चुकतातच. म्हणून ओळ-रकाना मी फक्त सरावाला वापरायला सांगतो.

त्याऐवजी शिफ्टेड ट्रान्सव्हर्सल डिझाइन घ्या. २००६ ची ही रचना नावाला भारी आहे, पण तिला लागणारं गणित भागाकाराच्या बाकीचं, शाळेतलं. ९६ प्रेंसाठी ११ ही मूळ संख्या घ्यायची, कारण ११ × ११ = १२१, म्हणजे ९६ पेक्षा जास्त. पूल पाच थरांत, प्रत्येक थरात ११. एकूण ५५ पूल, प्रत्येकात ८ किंवा ९ प्रे. प्रत्येक प्रे प्रत्येक थरात एकदाच येतो, म्हणजे पाच पूलमध्ये. आणि कोणतेही दोन प्रे जास्तीत जास्त एकाच पूलमध्ये एकत्र येतात. सगळा जोर या शेवटच्या वाक्यात आहे.

पाचच थर का? दोनपर्यंत खरे प्रे आणि एक चुकीचा ठिपका सांभाळायचा असेल तर (खरे प्रे २ × दोन प्रे एकत्र येणारे पूल १) + (२ × चुका १) + १ = ५. चूक मुळीच होणार नाही असं धरलं तर तीन थर, ३३ पूल पुरतात. पण ते धरू नका.

कोणी म्हणेल, ९६ ऐवजी ५५, यात वाचलं काय? एकेक प्रे तपासताना विश्वासार्ह निकालासाठी निदान दोनदा लावावा लागतो, म्हणजे १९२ ठिपके. इथे प्रत्येक प्रे आपसूक पाच वेळा तपासला जातो. शिवाय प्रे वाढले की फरक मोठा होत जातो. ३६१ प्रे असतील तर १९ घ्या (१९ × १९ = ३६१), ९५ पूल होतात आणि ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये एक खाना कंट्रोलला उरतो. उलट ४०-५० च प्रे असतील तर पूलच्या भानगडीत पडू नका, सरळ एकेक लावा.

टप्पा ४. पत्ते कागदावर काढा

प्रेंना ० ते ९५ क्रमांक द्या. प्रत्येक क्रमांकाला ११ ने भागा. भागाकार ब, बाकी अ. थरांना गुणक ०, १, २, ३, ४. त्या थरातला पूल म्हणजे (अ + गुणक × ब) ला ११ ने भागून उरलेली बाकी.

प्रे ३७ घ्या. ३७ = ३ × ११ + ४, म्हणून ब = ३, अ = ४.
गुणक ०: ४. पूल ४.
गुणक १: ४ + ३ = ७. पूल ७.
गुणक २: ४ + ६ = १०. पूल १०.
गुणक ३: ४ + ९ = १३, बाकी २. पूल २.
गुणक ४: ४ + १२ = १६, बाकी ५. पूल ५.

म्हणजे ३७ चा पत्ता ४-७-१०-२-५. तसंच ५८ चा पत्ता ३-८-२-७-१ येतो आणि ७० चा ४-१०-५-०-६. ३७ आणि ७० फक्त पहिल्या थरात, पूल ४ मध्ये भेटतात, पुढे कुठेच नाही. हे दोन्ही पत्ते स्वतः काढून पाहा, मगच पुढे जा. एक्सेलमध्ये मॉड फंक्शनने पूर्ण तक्ता पाच मिनिटांत होतो, पण पहिले दोन-तीन हातानेच करा.

*सावध:* मोजणी ० पासून करायची की १ पासून, हे एकदाच ठरवा. प्लेट भरणारा १ पासून मोजतो आणि तक्ता ० पासून, असं झालं की सगळे पत्ते एका घराने सरकतात. निकाल मात्र दिसायला सुंदर येतो, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. ट्यूबवर आणि तक्त्यात तोच आकडा लिहा. एनव्हलपवर किंवा फ्रीझरच्या डब्यावर दुसरीच क्रमवारी असेल तर ती खोडून टाका.

*तपासणी:* तक्त्यात प्रत्येक प्रे बरोबर पाच वेळा यावा आणि प्रत्येक पूलमध्ये ८ किंवा ९ प्रे असावेत. कुठे ७ किंवा १० दिसले तर सूत्र चुकलंय.

टप्पा ५. सगळे प्रे एका घनतेला आणा

प्रत्येक प्रे वेगळा वाढवा, ल्युसिन नसलेल्या माध्यमात, ३० °से ला हलवत, दोन ते तीन दिवस. मग ओडी ६०० (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला कल्चर किती अडवतं, त्यावरून घनता) मोजा. घट्ट कल्चर थेट मोजू नका. ०.६-०.८ च्या वर यंत्राचा आकडा खरी घनता दाखवत नाही, म्हणून दहापट पातळ करून मोजा. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर ६०० किंवा ६२० च्या फिल्टरचा कलरिमीटर चालतो. आपल्याला तुलना हवी आहे, नेमका आकडा नाही.

सगळे ओडी १ वर आणा. ज्यांची वाढ ०.५ च्या खाली राहिली ते पुन्हा लावा. त्यांना तसेच पूलमध्ये ढकलू नका. एक हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. ओडी १ म्हणजे साधारण १ कोटी पेशी प्रति मिलि. ५ मायक्रोलिटरच्या ठिपक्यात ५० हजार. नऊ जणांच्या पूलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच हजार. मेटिंग १० टक्के धरलं तर साडेपाचशे डिप्लॉइड, म्हणजे भरपूर. पण ज्याची घनता दहा पटीने कमी आहे त्याचे पंचावन्नच, आणि जोडी कमकुवत असेल तर तो ठिपका उगवणारच नाही. मोठ्या पूलमध्ये खरा प्रे हुकतो तो बहुतेक असाच.

टप्पा ६. मिसळणं

प्रत्येक प्रे पाच पूलमध्ये जातो. दर वेळी ५० मायक्रोलिटर धरले तर २५० लागतात, थोडं वाया जातं, म्हणून प्रत्येकाचे किमान ४०० मायक्रोलिटर तयार ठेवा. पूलमध्ये ४०० ते ४५० मायक्रोलिटर जमतात.

दोघांनी मिळून करा. एक तक्ता वाचतो, दुसरा पिपेट चालवतो आणि आकडा मोठ्याने परत म्हणतो. एका वेळी एकच थर पूर्ण करा, मग चहा प्या, मग पुढचा थर. पाचही थर एका दमात करणाऱ्यांचा चौथ्या थरात हमखास गोंधळ होतो.

*सावध:* मिसळल्यावर पूल वाढवायचा नाही. "थोडं कमी पडतंय, रात्रभर वाढवून घेऊ" हा विचार मनात आला तर थांबा. भराभर वाढणारा एक प्रे रात्रीत बाकीच्यांना मागे टाकतो आणि पूल नावालाच नऊ जणांचा उरतो.

याच वेळी तपासणीचा एक खास पूल बनवा. पी५३ बेट आणि टी-अँटिजन प्रे ही नेहमीची पॉझिटिव्ह जोडी. टी-अँटिजनच्या प्रेचा एक भाग आणि रिकाम्या वेक्टरच्या प्रेचे आठ भाग असं मिश्रण करा. हा पूल पी५३ बेटासोबत उगवला, तर नवात एक इतका पातळ झालेला प्रेसुद्धा आपल्या हाताने सापडतो हे सिद्ध झालं. निव्वळ पॉझिटिव्ह कंट्रोल उगवून हे कळत नाही.

टप्पा ७. मेटिंग आणि प्लेटा

चौकोनी मोठ्या प्लेटा मागवत बसू नका. ९० मिमीच्या साध्या गोल पेट्री प्लेटवर ४ × ४ असे १६ ठिपके आरामात बसतात. एका थराचे ११ पूल आणि ५ कंट्रोल, बरोबर १६. म्हणजे प्रत्येक थराची एक प्लेट आणि प्रत्येक प्लेटवर तिचे स्वतःचे कंट्रोल: पी५३ सोबत टी-अँटिजन, लॅमिनसोबत टी-अँटिजन (निगेटिव्ह), आपलं बेट रिकाम्या प्रेसोबत, पी५३ सोबत वरचा तपासणी पूल, आणि एक जागा नुसती रिकामी.

४ × ४ ची जाळी कोणत्याही बाजूने फिरवली तरी सारखीच दिसते. म्हणून पॉझिटिव्ह कंट्रोल नेहमी डाव्या वरच्या कोपऱ्यात, रिकामी जागा उजव्या वरच्या कोपऱ्यात. खूण प्लेटच्या तळाला, झाकणाला नाही. झाकणं अदलाबदल होतात.

वायपीडीए या सगळं पोषण असलेल्या माध्यमावर बेटाचा ५ मायक्रोलिटर ठिपका, सुकला की त्यावरच पूलचा ५ मायक्रोलिटर. ३० °से ला रात्रभर, १६ ते २४ तास. मग निर्जंतुक मखमलीने ट्रिप्टोफॅन-ल्युसिन नसलेल्या प्लेटवर उतरवा, दोन दिवस. इथे कंट्रोलच्या रिकाम्या जागेशिवाय सगळे १५ ठिपके उगवायलाच हवेत. एखादा नसेल तर तिथे मेटिंग झालंच नाही, पुढच्या प्लेटवरचं त्याचं 'नाही' मोजू नका. मग तिथून निवड प्लेटवर: ट्रिप्टोफॅन, ल्युसिन, हिस्टिडीन नाही, आणि टप्पा २ मध्ये ठरलेली ३-एटी.

निवड प्लेटवर पेशींचा जाड थर गेला तर न वाढणाराही ठिपका धुरकट दिसतो. दुसऱ्या दिवशी स्वच्छ मखमल हलकेच दाबून जास्तीच्या पेशी उचलून घ्या. पुढचं वाचन निम्म्याने सोपं होतं.

टप्पा ८. वाचन

तीन ते सात दिवस. लाईट किती गेली त्यावर दिवस पुढेमागे होतात, म्हणून कॅलेंडरकडे पाहून वाचू नका. तपासणी पूल स्पष्ट उगवला आणि निगेटिव्ह स्वच्छ आहे, तोच वाचनाचा दिवस. दोघांनी वेगवेगळं वाचून वेगवेगळ्या कागदांवर लिहा, मग ताडून पाहा. फोटो काळ्या कागदावर ठेवून काढा.

एखाद्या थरात पाच-सहा पूल उगवले तर उलगडा करायला बसू नका. दोन खरे प्रे असतील तर प्रत्येक थरात एक किंवा दोनच पूल उगवतात. त्याहून बरेच जास्त म्हणजे बेट चिकट आहे किंवा ३-एटी कमी पडलं.

टप्पा ९. उलगडा

समजा उगवलेले पूल असे: थर ० मध्ये ३, ४. थर १ मध्ये ७, ८. थर २ मध्ये २, १०. थर ३ मध्ये २, ७. थर ४ मध्ये फक्त १.

आता प्रत्येक प्रेच्या पत्त्यातले किती पूल उगवले ते मोजा. ५८ चा पत्ता ३-८-२-७-१, पाचपैकी पाच. ३७ चा ४-७-१०-२-५, पाचपैकी चार, थर ४ मधला ठिपका राहून गेला. ७० चा फक्त एक. बाकी कोणाचेही दोनपेक्षा जास्त येणार नाहीत, कारण कोणताही प्रे ३७ सोबत एकाच पूलमध्ये असू शकतो आणि ५८ सोबत एकाच. एक खोटा ठिपका उगवला तरी भुताचे गुण तीनपर्यंतच जातात, आणि एक ठिपका हुकला तरी खऱ्याचे चार राहतात. म्हणून रेघ चारवर. ओळ-रकान्यात ३७ हातचा गेला असता.

तीन खरे प्रे असतील तर एखादं भूतही चारला पोचू शकतं. तरी रेघ तीच ठेवा. भूत पुढच्या टप्प्यात गळतं, पण रेघ वर नेली तर खरा प्रे गळतो.

जो प्रे प्रत्येक बेटासोबत निघतो त्यावर लाल खूण करा. तो सगळ्यांनाच चिकटतो.

टप्पा १०. जोडीने पुन्हा

चार किंवा पाच गुण मिळवलेला प्रत्येक प्रे मूळ साठ्यातून काढून एकेकटा बेटासोबत लावा. पूलच्या ठिपक्यातून उचलून नाही. तिथे वाढता वाढता बदललेल्या पेशी असू शकतात. सोबत बेट आणि रिकामा प्रे, रिकामं बेट आणि हा प्रे, दोन्ही लावा. हिस्टिडीनसोबत अॅडेनीन नसलेल्या माध्यमावरही वाढतो का ते पाहा, कारण दुसरं जनुक वेगळ्या प्रवर्तकावर चालतं. इथे टिकलेल्या क्लोनचाच नमुना सिक्वेन्सिंगला पाठवा, म्हणजे कुरिअरच्या डब्यात ट्यूब मोजक्याच जातात. अहवालात "यीस्टमध्ये जोडी दिसली" एवढंच लिहा. तुरीच्या मुळात ती होते का, हा वेगळा प्रयोग.

उरलेले पूल लगेच २०-२५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवले तर पुढच्या बेटाला तेच वापरता येतात. उणे ८० चा फ्रीझर नसेल किंवा त्याला जनरेटरचा आधार नसेल, तर पूल साठवू नका. प्रत्येक प्रेचं स्लँट ४ °से ला ठेवा, पत्त्यांचा तक्ता जपा आणि दर वेळी पूल नव्याने मिसळा. वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाका, महाविद्यालयामागच्या उकिरड्यावर तशाच नाही.